भाडेखटल्यांतील एकवाक्यता

जागेचा खटला चालू असलेला मनुष्य कोर्टाच्या व्हरांड्यात आपल्यासारख्याच दुसऱ्याला भेटला म्हणजे पहिला प्रश्न काय विचारतो, हे ज्यांनी त्या व्हरांड्यात दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे. बाकी किती थकली, नोटीस कधी आली, मालकाला जागा कशासाठी हवी, हे सारे मागाहून. पहिला प्रश्न असतो, "कोणापुढे आहे?" उत्तर ऐकून विचारणारा मान तरी डोलावतो किंवा सुस्कारा तरी सोडतो. न्यायाधीश बदलला की निकाल बदलतो ही समजूत खरी असो वा खोटी, लोकांच्या मनात ती इतकी पक्की बसली आहे की तिच्यावरच तडजोडीचे आकडे ठरतात. हक्काची जागा असलेला मनुष्य भीतीने निम्म्यात सोडून जातो, आणि खरी गरज असलेला मालक कंटाळून दावा काढून घेतो.

आम्ही गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहो. कायद्याची पदवी आमच्याजवळ नाही. शाळा दहावीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या एका कपाटाने दिले. पगाराची तक्रार घेऊन जेवढे कामगार आमच्याकडे आले, जवळजवळ तेवढेच खोलीची नोटीस घेऊन आले. कामगाराच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. नोकरी गेली तर दुसरी मिळण्याची आशा असते. मुंबईतली खोली गेली की मुंबईच गेली. म्हणून या व्यासपीठावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही हा विषय निवडला. भाड्याच्या खटल्यांत सारख्या गोष्टीला सारखा न्याय मिळावा म्हणून आपल्याकडे काय काय झाले, कोठे जमले आणि कोठे फसले, याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

भाडेनियंत्रणाचा उगम शोधीत गेले म्हणजे आपण ग्लासगो शहरात पोहोचतो. पहिल्या महायुद्धात तेथील गोद्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसांची रीघ लागली आणि घरमालकांनी भाडी चढविली. गोव्हन भागात मेरी बार्बर नावाच्या बाईने शेजारणींना जमवून वाढीव भाडे देण्याचे बंद केले. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी अठरा भाडेकऱ्यांवरील दावे शेरिफच्या कोर्टात निघावयाचे होते. त्या दिवशी गोद्यांतले हजारो कामगार हातातले काम टाकून कोर्टापुढे जाऊन उभे राहिले आणि दावे काढून घ्यावे लागले. त्याच डिसेंबरात ब्रिटिश पार्लमेंटने लहान घरांचे भाडे युद्धापूर्वीच्या पातळीवर बांधून टाकणारा कायदा केला. आमच्या व्यवसायाच्या मनुष्याला ही हकीगत सांगताना आनंद होतो, हे आम्ही लपवीत नाही.

तीच लाट १९१८ साली मुंबईस आली. त्या वर्षीच्या युद्धकालीन कायद्याने १ जानेवारी १९१६ रोजीचे भाडे प्रमाण मानले. तो कायदा मुदतीचा होता, यथाकाल संपला. दुसरे महायुद्ध आले तेव्हा १९३९चा कायदा झाला. तो महिना ८० रुपयांपर्यंतच्या जागांपुरता होता आणि त्याची तारीख १ जानेवारी १९३९. मग १९४४चा कायदा. त्याची तारीख १ सप्टेंबर १९४०. आणि शेवटी १९४७चा ५७वा कायदा, जो १३ फेब्रुवारी १९४८पासून लागू झाला आणि अर्धशतकाहून अधिक काळ मुंबईकरांच्या उशाशी होता. त्यानेही १ सप्टेंबर १९४० हीच तारीख उचलली. त्या दिवशी खोली ज्या भाड्याने दिली होती ते तिचे प्रमाणभाडे. युद्धाच्या धामधुमीत तात्पुरती ठरविलेली एक तारीख दोन पिढ्यांच्या पावत्यांवर बसून राहिली.

तारखेचा एक मोठा गुण असा की तीत न्यायाधीशाच्या मर्जीला जागा नाही. १९४० सालची पावती दाखवा, आकडा मिळाला. गावातल्या कोणत्याही कोर्टात तोच आकडा. एकवाक्यता म्हणतात ती याहून अधिक काय असणार? पण काळ लोटला तशी दुसरी बाजू दिसू लागली. कर वाढले, गवंड्याची मजुरी वाढली, मालकाने डागडुजी सोडून दिली, आणि भाडे तेच. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जे बंधन आरंभी वाजवी होते तेच काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाले आहे. कायद्याची मुदत तेव्हा संपत आली होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून न्यायालयाने तो रद्द मात्र केला नाही. भाडेकऱ्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हा निकाल वाचताना मनातून पटत होते. आकडा सर्वांना सारखा होता, आणि सर्वांना सारखाच चुकीचा झाला होता.

ज्या जागांना १९४०चा आकडा नव्हता, किंवा होता तो अवाजवी वाटत होता, तेथे कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे न्यायाधीशाने प्रमाणभाडे ठरवावयाचे असे. आता तारीख गेली आणि अक्कल आली. एक न्यायाधीश शेजारच्या तशाच खोल्यांची भाडी पाही. दुसरा जमिनीची किंमत आणि बांधकामाचा खर्च काढून त्यावर अमुक टक्के परतावा धरी. दोन्ही रीती वाजवी होत्या, पण एकाच इमारतीला लावल्या तर दोन निराळी भाडी निघत.

अशीच अडचण कामगारांच्या बोनसबाबत होती. तिचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. चाळीसच्या दशकात गिरण्यांच्या बोनसचा निवाडा ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे होई. १९५० साली मुंबईचा गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. एकूण नफ्यातून आधी घसारा, मग यंत्रे बदलण्यासाठीची तरतूद, मग भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के आणि खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या निधीवर त्याहून कमी परतावा वजा करावयाचा. उरेल त्यात कामगाराचा वाटा. सूत्रावर आमच्या चळवळीने पुष्कळ टीका केली, आणि ती योग्यच होती. तथापि एक गोष्ट झाली. भांडण कशावर आहे ते दोघांनाही कळू लागले. मालकाने घसारा फुगविला असेल तर बोट ठेवावयास जागा झाली. पूर्वी "एवढा बोनस का?" याला उत्तर नव्हते. भाड्याच्या बाबतीत असे सूत्र कोणी बांधून दिले नाही. तुकड्या-तुकड्याने निकाल येत राहिले.

न्याय कोणी द्यावयाचा, याबाबतीत तर एकट्या महाराष्ट्रात तीन तऱ्हा होत्या. मुंबई आणि जुन्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना १९४७चा कायदा. मराठवाड्याला हैदराबाद संस्थानाच्या मुलखातून आलेला १९५४चा कायदा. विदर्भाला मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९चा हुकूम. मुंबईचा भाडेकरू धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात जाई. मराठवाड्यातला नियंत्रकापुढे उभा राही. नागपूरच्या मालकाला भाडेकरूस नोटीस देण्यासाठीच आधी नियंत्रकाची लेखी परवानगी लागे आणि दिवाणी दावा त्यानंतर. १ मे १९६० रोजी राज्य एक झाले. भाडेकरूला एक कायदा मिळण्यास ३१ मार्च २००० उजाडले. नागपूरहून बदलून आलेल्या आमच्या एका रेल्वे कामगार स्नेह्याला मुंबईची रीत समजावताना आमची त्रेधा उडत असे. तो म्हणे, "आधी परवानगी कोठे काढली ते दाखवा," आणि येथे परवानगीचा पत्ताच नाही!

आता थकबाकीकडे वळू. येथे आम्ही स्वतः पाहिलेले सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. वडील गिरणीत. चाळीत आमच्या मजल्यावर पंधरा बिऱ्हाडे, त्यातली अकरा गिरणीवाल्यांची. दोन-तीन महिन्यांत पतपेढीतले, सोनाराकडचे, वाण्याच्या उधारीचे सगळे मार्ग आटले आणि माणसे एकेक करून गावी जाऊ लागली. कोणी कोकणात, कोणी घाटावर. खोलीला कुलूप आणि शेजाऱ्याकडे किल्ली. गणपतीच्या सुमारास दोन खोल्यांना एकाच आठवड्यात नोटिसा आल्या. दोघांचेही भाडे करासह महिना सतरा रुपये, दोघांचीही आठ महिन्यांची बाकी, म्हणजे एकशे छत्तीस रुपये. एकाचा मेहुणा कचेरीत कारकून होता. त्याच्या सांगण्यावरून याने सत्ताविसाव्या दिवशी प्रमाणभाडे ठरवून मिळावे म्हणून कोर्टात अर्ज टाकला. दुसरा गावी भातकापणीला होता. त्याच्या दारावर चिकटविलेली नोटीस आमच्या आईने पाहिली आणि पोस्टकार्ड टाकले. तो मुंबईस आला तेव्हा महिना उलटून गेला होता.

कायदा असा होता. भाडे महिन्याचे असेल, त्याच्या रकमेबद्दल वाद नसेल, सहा महिन्यांची किंवा त्याहून अधिक बाकी असेल आणि नोटिशीनंतर महिन्याभरात ती फेडली नसेल, तर १२व्या कलमाप्रमाणे ताबा जावा. महिन्याच्या आत प्रमाणभाड्याचा अर्ज केला तर मात्र वाद आहे असे धरले जाई आणि भाडेकरूला कोर्टात पैसे भरून जागा राखण्याची वाट मोकळी होई. पहिल्याची खोली राहिली. दुसऱ्याने पुढे म्हैस विकून सगळी बाकी कोर्टात भरली. पैसे भरले गेले आणि खोलीही गेली. त्या न्यायाधीशाला आम्ही दोष देत नाही. मूळच्या १९४७च्या कायद्यात अशा प्रसंगी न्यायालय हुकूमनामा 'करू शकेल' असे शब्द होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावरच्या दुरुस्तीने ते 'केलाच पाहिजे' असे झाले. 'करू शकेल' असताना कोणी करी, कोणी न करी, आणि निकालांत मेळ नव्हता. म्हणून 'केलाच पाहिजे' आले. मेळ बसला. संपात उपाशी असलेला आणि मुद्दाम भाडे बुडविणारा दोघे एकाच मापाने मोजले जाऊ लागले.

'करू शकेल' आणि 'केलाच पाहिजे' यांच्यामधली ही ओढाताण पुढे पुष्कळ वर्षे चालली. जेथे वाद असेल तेथे भाडेकरूने पहिल्या तारखेला बाकी भरून पुढे नियमितपणे भरीत राहावे, अशी अट होती. ती पाळली नाही तरी न्यायाधीशाला दया दाखविता येते का? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, येत नाही. मग 'नियमितपणे' म्हणजे काय? १९८० साली त्याच न्यायालयाने सांगितले की घड्याळाच्या काट्याची अपेक्षा नाही, पण भाडे देय होते त्या वेळेशी भरण्याचा बराचसा मेळ असला पाहिजे. आणि शिक्षणकराची गंमत तर वेगळीच. भाडे महिन्याचे, पण शिक्षणकर वर्षाने द्यावयाचा असेल तर ते भाडे 'महिन्याचे' राहते काय? नाही असे ठरले तर कडक कलम सुटे आणि भाडेकरू वाचे. कर महिन्याच्या हप्त्याने देण्याचा करार असेल तर काय, हा वाद १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका कुटुंबाचे छप्पर शिक्षणकराच्या हप्त्यावर लटकले होते, हे आज कोणाला सांगितले तर थट्टा वाटेल.

गावी गेलेल्यांपुढे आणखी एक संकट होते. सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरली नाही तर तेही ताबा जाण्याचे कारण असे. संपामुळे गावी जाऊन राहणे हे वाजवी कारण की नव्हे? आम्ही पुढे जुने कागद पाहिले तेव्हा दोन्ही तऱ्हेचे निकाल सापडले. एकात शेजाऱ्यांच्या साक्षी होत्या, किल्ली कोणाकडे होती, भांडीकुंडी आत होती की नाही, मुलाचे नाव शाळेत राहिले होते की कमी केले होते, हे सारे तपासलेले. दुसऱ्यात वीजबिलाचा आकडा शून्य, एवढेच. कोणते कोर्ट ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मालकाच्या गरजेचा. मालकाला जागा स्वतःसाठी खरोखर आणि वाजवी हवी असेल तर ती मिळावी, हे १३व्या कलमात होते. पण त्याच कलमात पुढे असे होते की हुकूमनामा दिल्याने होणारे हाल न दिल्याने होणाऱ्या हालांहून अधिक असतील तर तो देऊ नये. आणि अर्धी जागा देऊन दोघांचे भागत असेल तर तेवढीच द्यावी. शब्द सुंदर आहेत. पण हाल मोजावयाचे कसे? आमच्यासमोर एकाच मालकाचे दोन दावे आहेत. मुलाचे लग्न ठरले म्हणून त्याने दोन मजल्यांवरील दोन भाडेकरूंवर दावे लावले, ते दोन न्यायाधीशांकडे गेले. एका निकालपत्रात मालकाच्या घरात माणसे किती, त्याच्या ताब्यात खोल्या किती, मागे रिकामी झालेली खोली त्याने कोणास दिली, भाडेकरूची मिळकत काय, त्याने दुसरी जागा शोधली का, मधली भिंत घालून भागेल का, हे एकामागून एक विचारलेले आहे. दुसरे निकालपत्र दीड पानाचे. गरज खरी दिसते, भाडेकरूचे विशेष हाल होतील असे दिसत नाही. संपले. पहिल्यात भाडेकरू हरला आणि दुसऱ्यात अर्थातच हरला. तरीही पहिला भाडेकरू सामान बांधताना आम्हाला म्हणाला, "साहेबांनी सगळं विचारलं हो." दुसरा शेवटपर्यंत म्हणत राहिला की पैसे चारले. चारले नव्हते, आमची खात्री आहे. पण त्याला ती कशी पटावी?

यावरून आमचे मत बनले ते असे. निकाल सारखे लागावेत असा हट्ट धरला की कायदा 'केलाच पाहिजे'कडे झुकतो आणि गरीब चिरडला जातो. सारे मर्जीवर सोडले की 'कोणापुढे आहे?' सुरू होते. यातून वाट काढावयाची तर प्रश्न सारखे असावेत, त्यांचा क्रम सारखा असावा आणि प्रत्येकाचे उत्तर कारणासह कागदावर यावे. उत्तरे खटल्यागणिक निराळी येतील, ती यावीतच. सर्वोच्च न्यायालयानेही २००३ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात तुलनात्मक हालांचा विचार कसा करावा याचे असे दिग्दर्शन केले आहे. ते खालच्या कोर्टाच्या टेबलापर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न उरतो.

मुंबईच्या कायद्यात एक शहाणी सोय होती आणि ती अजून आहे. लघुवाद न्यायालयातल्या एका न्यायाधीशाच्या निकालावर अपील त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या दोन न्यायाधीशांपुढे चालते. त्यामुळे एका न्यायाधीशाचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. पण त्यापुढे दुसरे अपील नाही, आणि खालचे निकाल छापले जात नसत. उच्च न्यायालयात गेलेले मोजकेच ग्रंथांत येत. औद्योगिक विवादाच्या १९४७च्या कायद्यात निवाडा तीस दिवसांत सरकारने प्रसिद्ध करावा असे कलम होते. राजपत्रात आलेला एका कारखान्याचा निवाडा आम्ही दुसऱ्या कारखान्याच्या दारावर वाचून दाखवीत असू. मालकाचा वकीलही तो वाचून येई. खोलीच्या खटल्यात शेजारच्या दालनात काल काय ठरले, हे आज ना भाडेकरूला ठाऊक, ना मालकाला, ना पुष्कळदा न्यायाधीशाला. विसंगतीचे खरे मूळ आम्हाला येथे दिसते.

१९९९च्या कायद्याने काही गोष्टी सुधारल्या. तिन्ही तऱ्हा एक झाल्या. थकबाकीसाठी नोटिशीनंतर नव्वद दिवस दावा लावता येत नाही. आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने बाकी, तिच्यावर सालीना १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला, पुढेही भाडे भरीत राहिला, तर ताबा जात नाही. म्हैस विकून आलेल्या आमच्या शेजाऱ्याची खोली या कलमाने वाचली असती. येथे न्यायाधीशाची मर्जी नाही आणि निर्दयताही नाही. असा नियम करता येतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. गरज आणि हाल यांचे कलम मात्र नव्या कायद्यात जवळजवळ जुन्याच शब्दांत आले.

२०२१ साली केंद्र सरकारने राज्यांसाठी नमुना भाडेकायदा मंजूर केला. त्यात उपजिल्हाधिकारी दर्जाचा भाडे प्राधिकारी, वर अपर जिल्हाधिकाऱ्याचे भाडे न्यायालय, त्याच्या वर जिल्हा न्यायाधीशाचे न्यायाधिकरण, अशी उतरंड आहे आणि साठ दिवसांत निकालाची अपेक्षा आहे. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात पूर्वी होता तसा नियंत्रक पुन्हा दारात. त्वरेचे आम्ही स्वागत करू. पण महसुली अधिकाऱ्याची बदली वरचेवर होते, त्याच्या डोक्यावर निवडणुका, दुष्काळ, पूर ही कामे असतात. तो गेल्यावर मागे त्याची कारणे राहिली नाहीत तर नव्याने सारे पहिल्यापासून.

आमच्या संघटनेतून निवृत्त झालेल्या एका जॉबरने फंडाच्या पैशांत उपनगरात दोन खोल्या घेतल्या आणि एक भाड्याने दिली. सून आली, खोली हवी झाली, भाडेकरू हलेना. तो आमच्याकडेच आला, काहीसा संकोचून. भाडेकऱ्यांसाठी केलेला प्रश्नांचा कागद आम्ही त्याच्यापुढे ठेवला: घरात किती, जागा किती, दुसरी सोय काय, समोरच्याची सोय काय. त्याने बसून सगळी उत्तरे लिहिली. समोरच्या भाडेकरूनेही लिहिली. मधली पडवी बंद करून त्यांचे भागले आणि कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

भाड्याच्या निकालांतली कारणे उतरून घेतलेल्या सहा वह्या आमच्या कचेरीत आहेत. नावे खोडलेली आहेत, तारखा आहेत. कोणास पाहावयाच्या असल्यास संध्याकाळी सहानंतर कचेरी उघडी असते, मालकांनीही यावे.